चेनसॉ गरम झाला की बंद, कॉम्प्रेशन ८५ : इंजिन घरी खोलून बांधायचं आहे

जांभ्यावरचा
मशीन ५८ सीसी, चायनीज पॅटर्न, २० इंची बार. काम नारळ, आंबा, फणसाची पडलेली खोडं तोडण्याचं. पेट्रोल पंपावरचं, ऑइल लिटरला ४० मिली.

लक्षणं अशी:
थंड असताना चोकवर तीन-चार ओढीत चालू होतं. स्लोला रेस आपोआप वर-खाली होते. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, तीन-चार सेकंद वरच राहतो. दहा मिनिटं कापल्यावर ताकद जाते आणि बंद पडतं. मग अर्धा तास थंड झाल्याशिवाय चालू होत नाही. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, टाकीतला पेट्रोल फिल्टर नवीन घातला. फरक शून्य. कॉम्प्रेशन ८५ पीएसआय.

गॅरेजवाला म्हणतो पिस्टन किट टाका, चालेल. घरीच करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

वायसर
पिस्टन किट मागवण्याआधी दोन गोष्टी करा. सायलेन्सरचे बोल्ट काढा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारून पिस्टन बघा. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करून पूर्ण स्कर्ट (पिस्टनची बाजूची भिंत) पाहा. मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनेही तसंच पाहा. फोटो टाका.

रेस सोडल्यावर आवाज वर राहणं हे सरळसरळ कुठून तरी जादा हवा आत जात असल्याचं लक्षण आहे. तसं असेल तर नवा पिस्टनही पहिल्या दोन टाक्यांतच जुन्याच्या वाटेने जाईल. तोवर मशीन चालवू नका.

फिलर_गेज
८५ हा आकडा कुठल्या गेजने आला ते आधी सांगा. मोटरसायकलच्या गेजला लांब रबरी नळी असते आणि वाल्व गेजच्या तोंडाशी असतो. चेनसॉच्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशनची जागा इतकी लहान की नळीतली पोकळीसुद्धा त्यात धरली जाते आणि आकडा २०-३० पीएसआयने सहज कमी दिसतो. वाल्व नळीच्या प्लगकडच्या टोकाला असलेला गेज हवा.

पद्धत: चोक न लावलेला (हवेची वाट उघडी), रेसचं बटण पूर्ण दाबलेलं, स्विच बंद, प्लगची वायर बाजूला अर्थ केलेली. काटा वाढायचा थांबेपर्यंत ओढायचं, साधारण सहा ते आठ ओढी. या साईजचं निरोगी मशीन १३० ते १५० देतं. १०० च्या खाली गेलं की गरम असताना चालू व्हायला त्रास सुरू होतो, कारण पातळ झालेलं ऑइल रिंगांच्या फटी भरू शकत नाही.

मग प्लगच्या भोकातून अर्धा चमचा टू-टी ऑइल सोडा, चार वेळा ओढा, परत मोजा. आकडा चांगला वाढला तर दोष रिंगा-पिस्टनचा. जेमतेम वाढला तर प्लगचे आटे किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खोल ओरखडलेला.

जांभ्यावरचा
गेज मोटरसायकलचाच होता. दुसरा आणून मोजलं: कोरडं १००, ऑइल घालून १२५. सायलेन्सर काढून पाहिलं. एक्झॉस्टकडच्या बाजूला पिस्टनवर उभ्या रेघा, वरपासून खालपर्यंत, नखाला लागतात. वरची रिंग त्या बाजूला खाचेत चिकटलेली दिसते. इनटेककडची बाजू स्वच्छ, मशीनिंगच्या रेषा अजून दिसतात.

वायसर
मग निदान जवळपास झालं. पिस्टन कुठून घासला यावरून कारण कळतं, म्हणून जुना पिस्टन फेकू नये.

फक्त एक्झॉस्टकडे रेघा: मिश्रण कोरडं. हवा जास्त, पेट्रोल कमी. एक्झॉस्टची बाजू आधीच सगळ्यात गरम, पेट्रोलबरोबर येणारं ऑइल कमी पडलं की तिथलं पातळ आवरण आधी तुटतं आणि ॲल्युमिनियम बोअरला चिकटतं. तुमचं हेच आहे.

चहूबाजूंनी रेघा: ऑइल घालायचं राहिलं, किंवा सिलिंडरचे पंखे भुश्याने बुजून मशीन तापलं.

इनटेककडे राखाडी, मळकट, घासलेला स्कर्ट आणि मशीनिंगच्या रेषा गायब: फिल्टरमधून धूळ आत. आपल्याकडे खोड जांभ्याच्या मातीत लोळत पडलेलं असतं, त्यात चेन टेकली की लाल धूळ थेट फिल्टरवर येते. फिल्टरच्या बैठकीची कड फाटलेली असेल तर फिल्टर कितीही धुवा, उपयोग नाही.

चार ठिकाणी समान अंतरावर डाग: थंड मशीन चालू केल्याकेल्या फुल रेस. पिस्टन बोअरच्या आधी फुगतो.

खोडवा
कोरडं होण्याची कारणं या क्रमाने तपासा, स्वस्तापासून महागाकडे:

पेट्रोलची नळी टाकीतून बाहेर येते तिथे चिरलेली. वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही.

टाकीचा श्वास बुजलेला. मशीन गुदमरायला लागलं की झाकण सैल करा. लगेच सुधारलं तर तोच दोष.

कार्बोरेटरमधला डायफ्रॅम कडक झालेला. नवा डायफ्रॅम कापडासारखा लवतो, जुना बोटाखाली टकटक वाजतो. किट स्वस्त असतं, इंजिन खोललंच आहे तर बदलाच.

कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला मॅनिफोल्ड: स्क्रू ढिले, पॅकिंग फाटलेलं, रबर चिरलेलं.

क्रँकची ऑइल सील, विशेषतः क्लचकडची, कारण तिथे उष्णता आणि भुसा दोन्ही.

आणि पेट्रोल. पंपावर आता इ-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर इ-२० वर कोरडा चालतो. तेवढ्याने पिस्टन जात नाही, पण आधीच थोडी हवा चोरत असलेल्या मशीनला तेवढं पुरतं.

स्पॅनर_दहाचा
खोडवा यांच्या यादीतलं मॅनिफोल्ड आणि सील अंदाजाने ठरवू नका, प्रेशर टेस्ट घ्या. घरी होते, आणि महागडं काही लागत नाही.

हाताने रक्तदाब मोजायच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ घ्या. घड्याळ ३०० मि.मी. पाऱ्यापर्यंत असतं, म्हणजे सुमारे ०.४ बार. क्रँककेसला यापेक्षा फार जास्त दाब द्यायचाच नसतो (वर्कशॉपात ०.५ बार देतात), म्हणून हे साधन अगदी योग्य. कॉम्प्रेसर लावू नका, सील बाहेर फेकली जाते.

एक्झॉस्ट बंद करायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापा, सायलेन्सर आणि सिलिंडरच्या मध्ये ठेवून सायलेन्सर परत आवळा. कार्बोरेटरच्या जागी सहा मि.मी. जाड ॲक्रिलिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, कार्बोरेटरच्याच दोन बोल्टच्या अंतरावर भोकं पाडून. मध्ये एक भोक, त्यात सायकलच्या ट्यूबचा वाल्व, आतली सुई काढलेला, एपॉक्सीने चिकटवलेला. पट्टीखाली ट्यूबचं रबर पॅकिंग म्हणून. इम्पल्सचं (क्रँककेसच्या दाबाचे ठोके कार्बोरेटरला पोचवणारं) बारीक भोक असेल तर ते याच रबराखाली बुजतं, वेगळी नळी असेल तर तिला बोल्ट घालून बंद करा. प्लग घट्ट लावलेला.

पिस्टन वरच्या टोकाला आणा, म्हणजे इनटेक पोर्ट क्रँककेसला उघडा होतो आणि मॅनिफोल्डसकट सगळी टेस्ट होते. फुगा दाबून २८०-३०० वर न्या, स्क्रू बंद करा. काटा मिनिटभर जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. खाली येत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावा: मॅनिफोल्डची कड, सिलिंडरच्या बुडाची पॅकिंग, क्रँककेसचा जोड, प्लग, आणि क्लच व मॅग्नेट (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं चुंबकाचं चाक) काढून दोन्ही सील. फुगे दिसतील.

हे झालं की उलटी टेस्ट, म्हणजे व्हॅक्यूम. ही कोणी करत नाही आणि इथेच चोर सापडतो. दाबाने सीलची ओठी शाफ्टवर दाबली जाते आणि झिजलेली सीलही धरून राहते. व्हॅक्यूममध्ये ती उचलली जाते. गाड्यांचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप लागतो. ०.५ बार ओढा. २० सेकंदांत ०.३ च्या खाली उतरला नाही तर सील चालतील. काटा बघत असताना क्रँक हाताने हळू फिरवा. काही सील एका ठराविक जागीच सोडतात.

जांभ्यावरचा
क्लच कसा काढायचा? पाना लावला तर क्रँक फिरतो. आणि आटे उलटे आहेत का?

स्पॅनर_दहाचा
क्लचचे आटे डावे, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. बऱ्याच क्लचवर बाणाबरोबर तसं कोरलेलं असतं. मॅग्नेटची नट मात्र साधी, उजवी.

क्रँक अडवायला स्टार्टरची जुनी दोरी प्लगच्या भोकातून आत सोडा. आधी पिस्टन एवढा वर आणा की एक्झॉस्ट पोर्ट पूर्ण झाकला जाईल, नाहीतर दोरी पोर्टमध्ये जाते आणि पिस्टनच्या कडेने कापली जाते. दोरीचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. पेचकस किंवा खिळा घालून पिस्टन अडवू नका, डोक्याला भोक पडतं.

मॅग्नेट काढायला दोन बोल्टचा पुलर. मॅग्नेटला तशी दोन आट्यांची भोकं असतात. मागून दोन पेचकस घालून उचकटलं तर क्रँककेसची भिंत तडकते. नट पूर्ण काढायची नाही, शाफ्टच्या टोकाशी सपाट ठेवायची, म्हणजे आटे वाचतात. निघाल्यावर आतली चावी बघा. ती कातरली असेल तर टायमिंग सरकतं, आणि मशीन ओढताना हाताला हिसका देतं.

जांभ्यावरचा
टेस्ट झाली. दाब २९० वरून मिनिटात २२०. फुगे मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला, सिलिंडरला टेकतो तिथे. दोनपैकी एक स्क्रू हाताने फिरेल इतका ढिला होता. तो आवळून आणि नवीन पॅकिंग घालून परत: दाब स्थिर. व्हॅक्यूम ०.५ वरून १० सेकंदांत ०.१. क्लचकडच्या सीलवर बोटाने ग्रीस लावलं की थांबतो.

म्हणजे दोन गळती. आता खोलतो. सिलिंडर काढला: बोअरमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला चंदेरी पट्टा, साधारण १५ मि.मी. रुंद. बोअर वाचेल का?

फिलर_गेज
बहुधा वाचेल. तो पट्टा म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम वर चिकटलेलं. खालचं प्लेटिंग त्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. नखाला उंचवटा लागतो की खड्डा, ते बघा. उंचवटा असेल तर तो निघतो.

तिरफळ
ॲसिड लावा, फेस येतो आणि पाच मिनिटांत साफ.

फिलर_गेज
तिरफळ, ॲसिड नको. या पॅटर्नच्या सिलिंडरला बरेचदा हार्ड क्रोमचं प्लेटिंग असतं आणि मीठाचं ॲसिड ॲल्युमिनियमबरोबर क्रोमही खातं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, क्रोम आणि निकेलला हात लावत नाही. म्हणून कॉस्टिक.

पाव कप पाण्यात दोन चमचे कॉस्टिक. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, मोकळ्या हवेत, जवळ आग नको कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने फक्त त्या चंदेरी पट्ट्यावर लावा. फेस येत राहील तोवर तिथे ॲल्युमिनियम आहे. फेस थांबला, पुसा, परत लावा. पोर्टच्या कडांना ओघळू देऊ नका. तिथे प्लेटिंग संपतं आणि उघडं ॲल्युमिनियम सुरू होतं, सोडा प्लेटिंगच्या खाली शिरून पापुद्रे काढतो. सिलिंडर आडवा धरा, पट्टा तळाला. शेवटी भरपूर पाणी, मग लगेच वाळवून ऑइलचा हात.

नंतर ३२० नंबरचा एमरी पेपर बोटाला गुंडाळून, ऑइल लावून, तिरक्या रेघा दोन्ही दिशांनी. उभ्या रेघा नकोत. मोटरसायकलच्या लायनरला लावतात ते दगडाचं होन इथे लावू नका, प्लेटिंग अगदी पातळ असतं आणि पोर्टच्या कडेला दगड अडकून ते उडतं.

मग टॉर्च लावून बघा. पूर्ण बोअर एका रंगाचा दिसला पाहिजे. कुठे पिवळट किंवा मऊ पांढरट ठिपका असेल तिथे सुईच्या टोकाने हलकं ओरखडा. सुई घसरली तर प्लेटिंग शाबूत. रेघ उमटली तर ॲल्युमिनियम उघडं पडलं आहे, मग सिलिंडर-पिस्टन सेटच घ्या, नवी रिंग त्यावर महिनाभरही टिकणार नाही.

खोडवा
पिस्टन मागवताना मशीनवरच्या ५८ आकड्यावर जाऊ नका. ५२ आणि ५८ दोन्ही नावांनी विकल्या जाणाऱ्या या पॅटर्नला बऱ्याचदा ४५.२ मि.मी.चाच पिस्टन असतो. व्हर्नियरने बोअर मोजा, सिलिंडरच्या बुडापाशी, जिथे पिस्टन घासत नाही. पिनचा व्यास मोजा. आणि जुन्या पिस्टनच्या पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची मोजा. हीच उंची लोक विसरतात, मग पिस्टन बसतो पण हेडला टेकतो किंवा फार खाली राहून कॉम्प्रेशन येत नाही.

क्रँकही तपासा. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढा: टकटक शून्य हवी. डावी-उजवीकडे हलतो ते चालतं, तसंच बनवलेलं असतं. बेअरिंग हाताने फिरवून कचकच लागली तर क्रँककेस उघडावा लागेल. नाहीतर उघडू नका.

जांभ्यावरचा
रॉडला वर-खाली काही नाही. मॅग्नेटकडचं बेअरिंग मात्र खरखरतं.

स्पॅनर_दहाचा
मग उघडायलाच हवा, अर्धवट ठेवू नका. पिस्टनच्या धातूचे कण खाली पडलेले असतात आणि ते बेअरिंगमध्येच जातात. तुमचं खरखरणं बहुधा तेच.

बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून तोच घ्या, फक्त दोन गोष्टी सांगा: सी-३ क्लिअरन्स (आत थोडी जास्त मोकळीक), आणि दोन्ही बाजूंनी उघडं. रबराचं झाकण असलेलं दिलं तर पेट्रोलमधलं ऑइल आत पोचत नाही आणि आतलं ग्रीस पेट्रोलने धुतलं जातं.

क्रँककेसचे स्क्रू काढल्यावर हातोडीने क्रँकच्या टोकावर मारायचं नाही. हा क्रँक तुकडे दाबून जोडलेला असतो, एका ठोक्यात वाकडा होतो आणि मग मशीन आयुष्यभर थरथरतं. केसचा अर्धा भाग ओव्हनमध्ये १२० अंशावर वीस मिनिटं ठेवा, प्लास्टिक आणि सील आधी काढून. जुनं बेअरिंग आपटल्यावर आपोआप खाली पडतं. नवं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं असेल तर गरम केसमध्ये बोटाने बसतं. बसल्यावर थंड होईपर्यंत वर वजन ठेवा.

सील शेवटी. ओठीला ऑइल, शाफ्टच्या आट्यांवर सेलोटेप गुंडाळून मगच सरकवा, आट्याची धार ओठी कापते. जुनी सील किती खोल होती ते काढण्याआधी व्हर्नियरने लिहून ठेवा आणि नवी एखादा मि.मी. आत-बाहेर बसवा, म्हणजे ओठी शाफ्टवर झिजलेल्या खाचेत येणार नाही. अर्थात तेवढी जागा असेल तर.

जोडाला पॅकिंग असेल तर पॅकिंगच. साधं सिलिकॉन लावू नका. पेट्रोलने ते फुगून सुटतं, आणि आत गेलेला तुकडा पोर्टमध्ये अडकतो. पॅकिंग नसलेल्या मॉडेलला पेट्रोल सहन करणारं, न वाळणारं सीलंट, केसाच्या जाडीचं.

फिलर_गेज
आता बांधणी. यात घाई झाली की सगळं परत.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटी बोअरमध्ये घाला आणि पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा. तोंडांमधली फट फिलर गेजने मोजा. ठोकळ नियम: बोअरच्या दर १० मि.मी. ला ०.०४, म्हणजे तुमच्या ४५ च्या बोअरला सुमारे ०.१८. ०.१५ पेक्षा कमी असेल तर बारीक कानशीने एका तोंडाला घासा, नाहीतर गरम झाल्यावर तोंडं भिडून रिंग तुटते. ०.५ च्या वर असेल तर किट परत करा.

खाचेत एक बारीक पिन असते, रिंगचं तोंड त्या पिनवरच. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. हे उलटं झालं तर रिंगचं तोंड पोर्टवरून जातं, बाहेर उमलतं आणि पहिल्याच मिनिटाला तुटतं.

पिस्टन-पिनच्या लॉक नेहमी नव्या. तोंड सरळ वर किंवा सरळ खाली, आडवं नाही, कारण पिस्टन टोकाला उलटतो त्या धक्क्याने आडवी लॉक दबून सुटते. लॉक बसवताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बुजवा. उडालेली लॉक आत पडली तर सगळं परत खोलावं लागतं. बसल्यावर पेचकसाच्या टोकाने फिरवून बघा, खाचेत पूर्ण बसलेली लॉक जोर लावल्यावरच फिरते.

पिस्टनखाली रॉडला अडवणारी लाकडाची दोन बोटी पट्टी ठेवा. टू-टी ऑइल पिस्टन, रिंगा, पिनचं बेअरिंग आणि बोअरला. रिंग केबल टायने किंवा बोटांनी दाबून सिलिंडर सरळ खाली सरकवा, अजिबात पिळायचा नाही. अडला तर जोर न लावता वर घ्या.

सिलिंडरचे चार बोल्ट समोरासमोर, तीन फेऱ्यांत. एम-५ असतील तर शेवटी १० न्यूटन-मीटर. टॉर्कचा पाना नसेल तर लहान एलन की, तिच्या आखूड बाजूने नाही तर लांब बाजूने धरून, एका हाताच्या मनगटाच्या जोरावर. केस ॲल्युमिनियमची आहे, आटे ओढून निघतात.

पिस्टन आणि हेडमधल्या फटीची तपासणी सोडू नका: १.५ मि.मी. ची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घाला, क्रँक एकदा फिरवा, चेपलेलं टोक मोजा. ०.५ ते ०.८ हवं. ०.५ च्या खाली असेल तर जाड पॅकिंग. कॉम्प्रेशन वाढवायला बेस पॅकिंगच काढून टाका असा सल्ला मिळतो, तो हे मोजल्याशिवाय ऐकू नका.

वायसर
बांधून झालं की प्रेशर आणि व्हॅक्यूम दोन्ही परत. कार्बोरेटर लावण्याआधी. मॅनिफोल्डच्या दोन्ही स्क्रूंना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, त्याच जागी पहिली चूक होती. पॅकिंगला इम्पल्सचं बारीक भोक असेल तर ते बरोबर समोर आलं का बघा. उलटं बसलं तर भोक झाकलं जातं आणि कार्बोरेटर पेट्रोलच ओढत नाही.

कॉईल आणि मॅग्नेटमध्ये ०.३ मि.मी. फट. साधं व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉईल चुंबकाला चिकटू द्या, स्क्रू आवळा, कार्ड काढा. प्लगची फट ०.६.

खोडवा
ऑइलबद्दल. लिटरला ४० मिली म्हणजे २५:१. मॅन्युअल तेच सांगत असेल तर ठीक. जेएएसओ एफडी दर्जाचं चांगलं टू-टी ऑइल असेल तर ४०:१, म्हणजे लिटरला २५ मिली पुरतं आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी कमी धरते. ५०:१ वर मी या पॅटर्नला नेणार नाही. किनारपट्टीला एक चूक सर्रास दिसते: होडीच्या मशीनचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल घालतात. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे, हवेने थंड होणाऱ्या चेनसॉच्या तापमानाला ते तग धरत नाही.

तिरफळ
जास्त ऑइल घातलं तर जास्त सुरक्षित ना?

खोडवा
एका मर्यादेपर्यंत. पण जेवढं ऑइल वाढतं तेवढं त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण कोरडं होतं. म्हणून प्रमाण एकदा ठरवा, त्यावर कार्बोरेटर बसवा, मग बदलू नका.

मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवू नका. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, पुरेसं ओढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतला फिल्टर तळालाच असतो. मशीन मग त्या थरावर चालतं, आणि त्यात ऑइल जवळजवळ नसतं. काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरा, तळाला वेगळी रेघ दिसली तर ते चेनसॉत घालू नका.

वायसर
कार्बोरेटर बसवणं. एच (फुल रेसचा) आणि एल (कमी रेसचा) दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत, मग एकेक फेरा बाहेर. जोराने आवळले तर सुईची बैठक जाते. दोन मिनिटं गरम होऊ द्या, चेन-बार लावलेला असू द्या.

एल: रेस दिली की अडखळता कामा नये. अडखळला तर थोडा बाहेर. मग स्लोचा स्क्रू असा की मशीन २८०० ते ३००० वर शांत चालेल आणि चेन हलणार नाही. चेन सरकत असेल तर तशा मशीनला हात लावू नका, एक तर स्लो जास्त आहे किंवा क्लचची स्प्रिंग ढिली.

एच: फुल रेसला, मोकळ्या चेनवर, आवाज तुतारीसारखा एकसंध आणि तीक्ष्ण असेल तर कोरडं आहे, ताबडतोब सोडा. स्क्रू बाहेर घेत जा. आवाज किंचित फाटतो, बुडबुडल्यासारखा होतो, ती जागा. मग लाकडात घाला: भार आला की तो फाटलेपणा जाऊन आवाज स्वच्छ व्हायला हवा, आणि लाकडातून बाहेर काढल्याबरोबर परत फाटायला हवा. लाकडातही फाटत राहिला तर जास्त ओलं (पेट्रोल जास्त), अष्टमांश फेरा आत. नव्या पिस्टनला पहिल्या तीन-चार टाक्या थोडं ओलंच ठेवा. मोकळी फुल रेस तीन सेकंदांच्या वर नको.

ऑइल किंवा पेट्रोल बदललं, किंवा किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर काम निघालं, की हे परत करायचं. उंचीवर हवा विरळ होते आणि तेच मशीन ओलं चालतं. तिथे एच आत घेतला असेल तर खाली उतरल्यावर बाहेर घ्यायला विसरू नका.

जांभ्यावरचा
बांधून झालं. आकडे देतो, पुढे कोणाला उपयोगी पडतील.

बोअर ४५.२, प्लेटिंग शाबूत, चंदेरी पट्टा कॉस्टिकच्या चार हातांत निघाला. रिंगची फट ०.२२. सोल्डर चेपून ०.७. बांधल्यावर दाब २९० वर मिनिटभर स्थिर, व्हॅक्यूम २० सेकंदांत ०.५ वरून ०.४५. कॉम्प्रेशन कोरडं १२०, चौथ्या टाकीनंतर १४५. इ-२० वर एच एक फेरा आणि एक चतुर्थांश. स्लो २९००, रेस सोडली की लगेच खाली येते. तासभर कापल्यावर गरम असतानाच दुसऱ्या ओढीत चालू.

प्लग पहिल्या टाकीनंतर गडद तपकिरी, आता फिकट तपकिरी.

स्पॅनर_दहाचा
उत्तम. सायलेन्सरचे बोल्ट पहिल्या टाकीनंतर, मशीन पूर्ण थंड असताना, एकदा परत आवळलेत का? नवं पॅकिंग तापून बसतं आणि बोल्ट ढिले होतात. तिथून गरम वायू सुटला तर शेजारचं प्लास्टिक वितळतं.

जांभ्यावरचा
आत्ता बघितलं. दोन्ही जवळजवळ पाव फेरा फिरले. मॅनिफोल्डचे स्क्रू हलले नाहीत.